‘तिकडं ठेव’ म्हणणं बंद करा: लहान लेकरांना जागेची, आकाराची, दिशेची समज कशी द्यायची

आमचे अण्णा गवंडी होते. शाळा चौथीपर्यंतच, पण घराचा नकाशा एकदा बघितला की जमिनीवर चुना टाकून खोल्या पाडायला त्यांना फार वेळ लागायचा नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला आणि मग औसा, उमरगा, लोहारा सगळीकडं नवी गावं उभी राहायलागली, त्या चार-पाच वर्षांत अण्णांना सुट्टी कशी ती नव्हती आणि मी शाळा सुटली की त्यांच्या हाताखाली. ते कधी नुसतं “दे ती वीट” म्हणायचे नाहीत. म्हणायचे, “माय, तुझ्या उजव्या हाताला जी चळत आहे ना, तिच्यातली वरून दुसरी, कोपरा तुटलेली, ती दे, आन खोबण वर करून दे.” मला वाटायचं किती बोलतात हे. पुढं मी स्वतः गावातल्या बालवाडीत बारा वर्षं लेकरं सांभाळली आणि तेव्हा लक्षात आलं की अण्णांच्या त्या बोलण्यातच सगळं शिक्षण होतं.

ह्याला मोठ्या शाळांमधे ‘स्पेशियल रिझनिंग’ म्हणतात. नाव अवघड आहे, गोष्ट रोजची आहे. उरलेली भाजी ह्या डब्यात मावेल का त्या, कपाट दारातून आडवं जाईल का तिरपं करावं लागेल, कापड कसं बेतलं तर बाही निघेल, ट्रॅक्टरला ट्रॉली जोडलेली असताना मागं घ्यायचं तर स्टेअरिंग कुणीकडं वळवायचं, हे सगळं डोक्यात चित्र फिरवून, जोडून, तोडून बघण्याचं काम आहे. पुढं भूमिती, अपूर्णांक, विज्ञानातल्या आकृत्या, नकाशे सगळ्याला हेच लागतं. आणि बरेच आईवडील म्हणतात की आमच्या लेकराला ते उपजतच नाही. ही समजूत आधी काढून टाका. २०१३ मधे अमेरिकेतल्या संशोधकांनी ह्या विषयावरचे २१७ अभ्यास एकत्र करून तपासले आणि त्यातून निघालं की ही क्षमता सरावानं वाढते, लहानांची वाढते, मोठ्यांचीपण वाढते, आणि वाढलेली नुसती चार दिवसांत ओसरून जात नाही. म्हणजे हे भाकरी थापण्यासारखं आहे, हात बसला की येतं.

आता सुरुवात कुठून करायची ते सांगते. खाली मी जे क्रमानं लिहिलंय ते साधारण दीड-दोन वर्षांपासून सात-आठ वर्षांपर्यंतच्या लेकरांसाठी आहे. रोज दहा-पंधरा मिनिटं पुरतात आणि त्यातली निम्मी तुम्ही काम करता करताच होतात. वेगळा पैसा लागत नाही.

पायरी १: ‘तिकडं’, ‘इथं’, ‘ते’ हे शब्द एक आठवडा बंद

खरं सांगायचं तर फक्त हीच पायरी केली तरी माझं लिहिणं वसूल झालं. आपण दिवसभर लेकराला काय बोलतो ते एकदा ऐका. “ते घे.” “तिकडं ठेव.” “इथून जाऊ नको.” बोट दाखवतो आणि लेकरू बोटाकडं बघून काम करतं, डोक्याला काही कामच नाही. त्याच्या ऐवजी जागा शब्दात सांगा. “चप्पल दाराच्या मागं, भिंतीला चिकटून ठेव.” “तांब्या माठाच्या डाव्या बाजूला, पालथा घाल.” “चेंडू पलंगाखाली पार आतल्या कोपऱ्यात गेलाय, काठी आडवी नको, उभी घाल.”

शिकागोमधल्या संशोधकांनी काही घरांमधे लेकरं सव्वा वर्षाची असल्यापासून पावणेचार वर्षांची होईपर्यंत घरात होणारं बोलणं टिपून घेतलं होतं, २०११ मधे ते प्रसिद्ध झालं. ज्या घरात आईवडील आकाराचे, मापाचे, कडा-कोपऱ्याचे शब्द जास्त वापरायचे तिथं लेकरंपण ते शब्द जास्त बोलायलागली, आणि जी लेकरं असं जास्त बोलायची ती साडेचार वर्षांची झाल्यावर आकार जुळवण्याच्या, फिरवण्याच्या कोड्यांमधे पुढं होती. शब्द आला की त्या गोष्टीकडं नजर जायलागते, एवढा साधा मामला आहे.

आणि आपल्या मराठीत हे शब्द किती आहेत बगा. आत, बाहेर, मधी, कडेला, शेजारी, म्होरं, मागं, आडवं, उभं, तिरपं, उलटं, सुलटं, उताणं, पालथं, निमुळतं, चपटं, खोलगट, फुगीर, रुंद, अरुंद, काठ, टोक, कड, खाच, खोबण. उताणं आणि पालथं हे तर मला फार आवडतात कारण वाटी उताणी का पालथी हे सांगायला लेकराला वाटीचं तोंड कुठं आणि बूड कुठं हे आधी ठरवावं लागतं. आणि सगळ्यात भारी जोडी म्हणजे अलीकडं-पलीकडं. ‘ओढ्याच्या पलीकडं’ म्हणजे कुठं हे बोलणारा कुठं उभाय त्याच्यावर आहे, आपण ओढा ओलांडला की तेच पलीकडं आता अलीकडं झालं. चार-पाच वर्षांच्या लेकराला ओढ्यावर नाहीतर नुसत्या अंगणात दोरी टाकून हा खेळ खेळवा, तू म्होरच्या बाजूला जा आणि आता सांग, मी अलीकडं का पलीकडं? पहिल्यांदा सगळी गोंधळतात. दुसऱ्याच्या जागेवर उभं राहून बघणं म्हणजे हेच, आणि ते शिकवायला आपल्या भाषेत शब्द तयार आहेत.

डावं-उजवं मात्र घाईनं लादू नका. स्वतःचा डावा-उजवा हात साधारण पाच-सहा वर्षांत पक्का होतो, आणि समोर उभ्या माणसाचा उजवा कुठला हे कळायला सात-आठच्या पुढं जावं लागतं. तोपर्यंत ‘जेवायचा हात’ आणि ‘दुसरा हात’ म्हटलं तरी चालतं (डावखुरं लेकरू असलं तर त्याचा जेवायचा हात तोच धरा, बदलू नका).

पायरी २: स्वयंपाकघर

लेकरू पायात पायात करायलंय, स्वयंपाक उरकू देईना, तर त्याला खालच्या फळीवरचे डब्बे आणि झाकणं देऊन टाका. कुठलं झाकण कुठल्या डब्याला, पातेली एकात एक कशी बसतात, मोठं आत आणि लहान बाहेर असं का होत नाही. आजीच्या घरी उतरंड असायची, खाली मोठा माठ मग त्याच्यावर बारका मग बारका, तीच गोष्ट. लेकरू चुकीचं झाकण दाबून दाबून बसवायला बघेल, रडकुंडीला येईल, तेव्हा पटकन हातातून घेऊन लावून देऊ नका. “हे रुंद झालं का गं? दुसरं बघ बरं” एवढंच म्हणा.

मसाल्याचा डब्बा तर आयताच आहे. मधी एक वाटी आणि तिच्याभोवती सहा, बरोब्बर बसतात. सगळ्या वाट्या काढून लेकराला परत भरायला सांगा (तिखट नसलेला रिकामा डब्बा घ्या, डोळ्याला हात जातो). मग मधली काढून विचारा की आता ह्या सहा न हलवता आणखी किती बसतील. सात सारख्या वाट्या घेऊन ताटात असंच बसतं का तेपण करून बघू द्या, बसतंच, आणि लेकराला त्याचं केवढं नवल वाटतं.

भाकरी मोडताना बोलत जा. पूर्ण, अर्धी, चतकोर, नितकोर. चतकोर हातात धरलेल्या लेकराला पुढं पाव भाग समजवायला कुठल्या मास्तरांना त्रास होत नाही.

आणि आता माझा सगळ्यात लाडका खेळ, हा चार वर्षांपुढच्यांसाठी. पोळी एकदा दुमडा, अर्धी झाली, परत दुमडा, चतकोर झाली. आता लेकराला विचारा, टोकाला, म्हणजे जिथं दोन्ही घड्या मिळतात तिथं घास घेतला तर उघडल्यावर भोक कुठं दिसेल आणि किती? आधी सांगायचं, बोटानं दाखवायचं, मगच घास घ्यायचा. एकच भोक निघतं, बरोब्बर मधोमध. दुसरी पोळी घ्या आणि आता घडीच्या कडेवर मधी घास घ्या, दोन भोकं. तिसऱ्या पोळीत कडेला न लागता आत बोटानं भोक पाडा, चार. पोळ्या वाया जात नाहीत, खाऊन होतात. नंतर हेच पेपर आणि कात्रीनं करा, पाच-सहा वर्षांची लेकरं तासतासभर कागद कापत बसतात आणि उघडायच्या आधी काय निघणार हे सांगायची त्यांना सवय लागते. आधी सांगणं महत्त्वाचं, नुसतं कापून उघडलं तर डोक्यात काही फिरत नाही.

पायरी ३: रचायला द्या

लाकडी ठोकळे लेकरांना द्यावेत हे जर्मनीतल्या फ्रोबेल नावाच्या शिक्षकानं १८३७ मधे सुरू केलं, त्याच्याच शाळेला पुढं किंडरगार्टन नाव पडलं. आपल्याकडं ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला पानं, बिया, शंख, दगड, माती असं गावात फुकट मिळणारं सामान घेऊन बालवाड्या चालवल्या. म्हणून दुकानातला हजार रुपयांचा सेट नाही म्हणून अडून बसू नका.

मी काडेपेट्या वापरायचे. किराणा दुकानदाराला, शेजारणीला सांगून ठेवलं की महिन्या दोन महिन्यात तीस-चाळीस रिकाम्या जमतात, सगळ्या एका मापाच्या, त्यामुळं रचायला विटेसारख्या. आत वाळू भरून चिकटपट्टी लावली की वजन येतं आणि लगेच पडत नाहीत. दुसरं म्हणजे सुताराकडचे कापून उरलेले तुकडे, कानस मारून कडा गुळगुळीत करून घ्या, कुसळ हातात जातं.

सुरुवातीला मोकळं खेळू द्या, चार-पाच दिवस काही सांगू नका. मग तुम्ही तीन पेट्यांचं काहीतरी बांधा, दोन उभ्या आणि वर एक आडवी, म्हणजे दार, आणि म्हणा असंच तू बांध. तीन वर्षांच्या लेकराला हे दार जमायला हवं असं समजा, नाही जमलं तर दोन पेट्यांवर या. मग पायऱ्या, मग भिंत. भिंत बांधताना अण्णांचा नियम सांगा, सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही, खालच्या दोन विटांच्या सांध्यावर वरची वीट मधोमध बसली पाहिजे. लेकराला दोन्ही भिंती बांधू द्या, एक सांध्यावर सांधा आणून आणि एक सांधा मोडून, आणि मग दोन्हीला बोटानं ढकलायला सांगा. कुठली आधी पडते ते त्याचं त्यानं बघितलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

थोडं मोठं झालं की, पाचच्या पुढं, एक अवघड प्रकार करा. तुम्ही बांधलेलं त्याला दाखवा, दहापर्यंत आकडे म्हणा, मग वर टॉवेल टाका. आता आठवून बांध. नंतर आणखी अवघड, दोघं पाठीला पाठ लावून बसायचं, एकानं बांधत बांधत तोंडानं सांगायचं आणि दुसऱ्यानं न बघता बांधायचं. इथं पहिल्या पायरीतले सगळे शब्द उपयोगाला येतात, आणि ‘त्याच्या बाजूला ठेव’ म्हटल्यावर कुठल्या बाजूला असं भांडण झालं की लेकरांना आपोआप कळतं की नीट सांगितलं नाही तर समोरचं चुकतं. माझ्या दोन भाच्या ह्या खेळात दुपार दुपार घालवायच्या.

मातीचं काम विसरू नका. पोळ्याला मातीचे बैल विकत आणायची पद्धत पडायलीय पण लेकरांच्या हातून एक तरी जोडी घडू द्या. चार पाय सारखे उंच नसले तर बैल का लवंडतो, मान म्होरं जास्त गेली की तोंडावर का पडतो, शिंगं समोरून बघितल्यावर कशी आणि बाजूनं बघितल्यावर कशी दिसतात, सगळं त्यात येतं. बैल झाला की तो पाटावर ठेवून समोरून, बाजूनं आणि वरून असं तीनदा चित्र काढायला सांगा. वरून काढताना पाय दिसतच नाहीत हे कळणं म्हणजे मोठी मजल आहे.

सुगीच्या वेळी ज्वारीच्या धांड्याची बैलगाडी. वरची साल काढून आतलं पांढरं भेंड, सालीच्या चिंभळ्या आणि बाभळीचे काटे, एवढ्यावर आमची अख्खी गाडी, जू, साटा, चाकं सगळं तयार व्हायचं. आता ते करणारी मोठी माणसं कमी झालीत, घरात कुणी आजोबा असतील तर त्यांना बसवा लेकरांसोबत. साल मात्र मोठ्यांनीच काढून द्यायची, ब्लेडसारखी कापते.

एक सावधगिरी इथंच सांगते. तीन वर्षांखालच्या लेकराजवळ चिंचोके, गजगे, गोट्या, मणी काहीही सोडायचं नाही, तोंडात घालतात आणि घशात अडकतं. त्याच्या तोंडात मावेल अशी कुठलीच वस्तू ह्या खेळांमधे नको.

पायरी ४: तुकडे जोडणं

जुन्या कॅलेंडरचं चित्र पुठ्ठ्यावर चिकटवा, वाळलं की कापा. अडीच वर्षांच्याला दोन तुकडे, मग तीन-चार, पाच वर्षांच्याला बारा-पंधरा. सुरुवातीला सरळ कापा मग तिरपं. शिकागोमधेच पाहिलं गेलंय की सव्वादोन ते पावणेचार वर्षांच्या काळात जी लेकरं घरी असे तुकडे जोडायचे खेळ खेळली ती साडेचार वर्षांची झाल्यावर आकार डोक्यात फिरवण्याच्या कोड्यात सरस होती. जोडताना “हा तुकडा फिरवून बघ”, “सरळ कड बाहेरच्या बाजूला येते का बघ” असं बोलत राहा. टॅनग्रामचे, म्हणजे एकाच चौकोनातून कापलेले, सात तुकडे मिळाले तर आणा, पुठ्ठ्याचेपण घरी होतात.

वाकळ शिवणारी आजी घरात असेल तर लेकराला तिच्याजवळ बसवा. चिंध्यांचे त्रिकोण जोडून चौकोन कसा करतात, दोन त्रिकोण उलटसुलट लावले की काय होतं, हे कुठल्याही कोड्यापेक्षा कमी नाही.

पायरी ५: डोक्यातल्या डोक्यात फिरवणं

१९७१ मधे रॉजर शेपर्ड आणि जॅकलिन मेट्झलर या दोन संशोधकांनी लोकांना ठोकळ्यांच्या आकृत्यांची जोडी दाखवली आणि विचारलं की ही एकच आकृती फिरवलेली आहे का वेगळी. जितकी जास्त फिरवलेली तितका उत्तराला वेळ जास्त, आणि तोपण अगदी मापात. म्हणजे माणूस मनातल्या मनात खरंच ती वस्तू फिरवतो आणि त्याला वेळ लागतो. म्हणून लेकरू विचार करायलंय तेव्हा मधी बोलू नका. गप बसणं ही सुद्धा ह्या कामातली एक पायरीच आहे असं मी म्हणेन, मलाही शिकायला वर्ष गेलं.

आता ३ आणि ६ ची गोष्ट. पहिलीतली किती लेकरं तीन काढायला सांगितला की सहा काढतात आणि घरी आई पट्टी घेऊन बसते. मारू नका ओ. जन्मल्यापासून त्या लेकरानं हे शिकलंय की वस्तू फिरली तरी वस्तू तीच राहते, कप इकडं कान करून ठेवला काय आणि तिकडं काय, कपच. आता पहिल्यांदा त्याला असं काहीतरी भेटलंय की तोंड फिरवलं की नावच बदलतं. आपले ३ आणि ६ एकमेकांच्या आरशातल्यासारखे आहेत. तेव्हा त्याला तेच दाखवा, पुठ्ठ्याचा ३ कापून आरशासमोर धरा, मग पारदर्शक प्लॅस्टिकवर काढून मागून बघा. वाळूत, परातीतल्या पिठावर मोठा काढू द्या आणि “पोट कुणीकडं, तोंड कुणीकडं” असं बोलत काढू द्या. सहा-सात वर्षांपर्यंत असं उलटं लिहिणं बहुतेक लेकरांचं होतं आणि हळूहळू जातं.

दुसरा खेळ पाण्याचा. प्लॅस्टिकच्या बाटलीत अर्धं रंगीत पाणी भरा, झाकण लावा. बाटली उभी असताना पाण्याची रेघ दाखवा. मग कागदावर तिरपी बाटली काढून द्या आणि आत पाण्याची रेघ काढायला सांगा. सात-आठ वर्षांपर्यंतची बरीच लेकरं रेघ बाटलीबरोबर तिरपीच काढतात, स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी हे कोडं लेकरांना घालून बघितलं होतं. काढून झालं की खरी बाटली तिरपी करून दाखवा, रेघ जमिनीला समांतरच राहते. आमचे अण्णा पाण्याची पारदर्शक नळी घेऊन घराच्या दोन टोकांची लेव्हल काढायचे ते ह्याच्यावरच, जवळपास बांधकाम चालू असेल तर लेकराला मुद्दाम ते बघायला न्या, आणि ओळंबा (भिंत सरळ उभी आहे का बघायचं दोरीला बांधलेलं वजन) आणि गुण्यापण (कोपरा काटकोनात आहे का बघायची पट्टी) दाखवा. ओळंबा हातात धरून बघू द्यायला गवंडी नाही म्हणत नाहीत.

पायरी ६: घराचा नकाशा

बुटाचा रिकामा खोका घ्या, त्यात तुमची खोली करा. काडेपेटीचा पलंग, झाकणाचं टेबल, दार जिथं आहे तिथं कापून दार. मग एक बारकी बाहुली खोक्यातल्या पलंगामागं लपवा, लेकराला दाखवा, आणि म्हणा मोठी बाहुली मी खऱ्या खोलीत अशाच जागी लपवलीय, शोध. १९८७ मधे जूडी डीलोश या संशोधकांनी हा प्रयोग केला तेव्हा अडीच वर्षांच्या लेकरांना बहुतेक वेळा जमलं नाही आणि तीन वर्षांच्यांना जमलं, सहा महिन्यात एवढा फरक. खोका म्हणजे नुसता खोका नाही, तो ह्या खोलीचं चित्र आहे, हे समजणं लागतं त्याला. म्हणून अडीच वर्षांच्याला नाही आलं तर चार महिने थांबा आणि परत करा.

जमायलागलं की खोका बाजूला ठेवून कागद घ्या. खोलीचा वरून दिसणारा नकाशा, पंख्याला लटकून बघितलं तर कसं दिसेल असं सांगा. पहिल्या नकाशात लेकरू टेबलाचे चार पाय बाहेर पसरलेले काढेल, काढू द्या. मग अंगणाचा, मग घरापासून अंगणवाडीपर्यंतचा. माझ्याकडं एका लेकरानं पारावरचा पिंपळ घरापेक्षा दहापट मोठा काढला होता, कारण त्याच्यासाठी तोच मोठा. त्याला चूक म्हणायची गरज नाही, फक्त विचारायचं, पाराच्या आधी काय लागतं आणि नंतर काय.

पायरी ७: बाहेर पडा

आपल्या खेड्यात म्हातारी माणसं पत्ता सांगताना डावं-उजवं फार म्हणत नाहीत. “उगवतीकडच्या बांधाला”, “मावळतीला तोंड करून घर आहे”, “वरल्या आळीला”. पिअर दासेन आणि रमेश मिश्रा या दोन अभ्यासकांनी भारत, नेपाळ आणि बालीमधल्या लेकरांवर काम केलं, तिथं पुष्कळ लेकरं खोलीतल्या वस्तूंची जागासुद्धा दिशांवरून सांगतात. ही आपल्याकडं असलेली ताकद आहे आणि शहरात राहायला आल्यावर ती पहिली जाते. सकाळी दात घासताना लेकराला विचारा सूर्य कुणीकडून आला, संध्याकाळी कुणीकडं गेला, मग घराचं दार कुठल्या दिशेला. एकदा घराच्या दिशा पक्क्या झाल्या की बाजारात, मामाच्या गावी विचारा, इथं उगवत कुणीकडं?

रोजच्या रस्त्यावर लेकराला म्होरं चालू द्या, तुम्ही मागं. वळण आलं की थांबून विचारा आता कुणीकडं. येताना तोच रस्ता उलटा येतो, जाताना उजवीकडं असलेलं मारुतीचं मंदिर येताना डावीकडं, हे लेकराच्या तोंडून निघू द्या. वेळ अमावस्येला, आपल्याकडच्या शेतातल्या सणाला, शेतात जाल तेव्हा कडब्याची कोप (खोपटं) बांधायला लेकराला हात लावू द्या, पेंढ्या वरती एकमेकीला टेकवायच्या आणि खाली फाकवायच्या, म्हणजे उभी राहते. आंबील पिऊन झोपायच्या आधी एवढं करा.

सुट्टीत कुठं जायचं असेल तर जवळची एखादी बारव, म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर, बघा. परभणी जिल्ह्यात सेलूजवळ वालूरला बारव आहे तिच्या पायऱ्या गोल फिरत खाली जातात, लेकराला वरून विचारा की इथून बोट न उचलता पाण्यापर्यंत कसं जाशील, हवेत बोट फिरवून दाखव. हात घट्ट धरा, कठडा नसतो. दौलताबादच्या किल्ल्यात दरवाजे एका ओळीत का नाहीत ते विचारा. आणि वेरूळला १६ नंबरच्या लेण्यासमोर, कैलाससमोर, लेकराला हे नक्की सांगा की आठव्या शतकात राष्ट्रकूट राजांच्या काळात हे रचून बांधलं नाही, डोंगर वरून खाली कोरत आणला. घर बांधताना खालून वर जातो, इथं आधी कळस आणि शेवटी पायथा. घरी आल्यावर साबणाची वडी आणि चमच्याची दांडी देऊन एक बारकं देऊळ कोरायला लावा, काय ठेवायचं आणि काय काढायचं हे आधी डोक्यात ठरवावं लागतं कारण काढलेलं परत लावता येत नाही.

काही गोष्टी ज्या मला कळकळीनं सांगायच्यात

मुलींना ह्यातलं काहीही कमी देऊ नका. मी बालवाडीत बघितलंय, ठोकळे काढले की पोरं पुढं आणि पोरींना भातुकली, आणि आपणच “अगं तू बाहुली घे” म्हणतो. रांगोळीतले ठिपके जोडणं हे पोरांनापण शिकवा, ५ ते ५ ठिपक्यांची रांगोळी वहीत काढून दाखवा आणि अर्धीच काढून उरलेली अर्धी त्याच्याकडून पूर्ण करून घ्या.

‘हुशार आहेस’ म्हणण्यापेक्षा काय केलं ते म्हणा. “तू तो तुकडा तीनदा फिरवून बघितलास म्हणून बसला.” आणि पाहुण्यांसमोर परीक्षा घेऊ नका, लेकरू त्या खेळापासूनच पळायलागतं.

मोबाइलवर ठोकळ्यांचे गेम आहेत, मला विचारतात चालतील का. हातात धरून वजन, कड, पडणं हे जे कळतं ते काचेवर कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मधे सांगितलंय की दोन वर्षांखाली स्क्रीन नकोच आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको, कमी असेल तर आणखी बरं.

सुरुवातीचा महिना असा धरा: पहिला आठवडा नुसते शब्द, दुसऱ्यात स्वयंपाकघर जोडा, तिसऱ्यात रचणं आणि तुकडे, चौथ्यात खोका आणि रस्ता. लेकराला ज्याच्यात रस वाटला तिथं थांबा, क्रम मोडला तरी हरकत नाही.

आणि एक, लेकरू सारखं दाराच्या चौकटीला धडकायलंय, पायरी चुकायलंय, वस्तू धरताना हात बाजूला जायलाय, मान तिरपी करून किंवा फार जवळून बघायलंय, तर खेळ वाढवायच्या आधी डोळे दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासायला येतं, त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका, आणि पथकातल्या डॉक्टरांना हे सगळं स्वतः तोंडानं सांगा, लेकरू सांगत नाही, त्याला वाटतं सगळ्यांना असंच दिसतं.